फर्स्ट कॉपीच्या आत काय असतं

सायकलच्या शॉर्ट्समध्ये महाग काय असतं, ते बाहेरून दिसत नाही. नकली मालाचा सगळा धंदा यावरच उभा आहे. फोटोत जे दिसतं त्याची नक्कल करणं सोपं असतं: रंग, पट्टे, मांडीवरचं नाव, छातीवरचं चिन्ह. आतलं पॅड, कापडातल्या लवचीक धाग्याचं प्रमाण, शिवणीचा दोरा यांतलं काहीच फोटोत येत नाही. म्हणून पैसे वाचवले जातात ते तिथेच, आणि सायकलवर बसल्यावर आपला सगळा भारही तिथेच येतो.

मी हे शिवणाऱ्या माणसाच्या बाजूने सांगते आहे. कपड्यांच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं तपासणी विभागात होते. एका इंचात टाके किती ते मोजायचे, शिवण दोन्ही हातांनी ताणून बघायची, माल पास करायचा किंवा बाजूला काढायचा, हे काम. आता नाशिकला घरीच आल्टरेशन करते आणि सकाळी सायकल चालवते. त्र्यंबकेश्वरचा रस्ता नेहमीचा, सवड असली की वणीच्या बाजूला, आणि आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी निघते तेव्हा तिच्यासोबत. सायकलच्या ग्रुपमधल्या लोकांना माझं काम कळल्यावर शॉर्ट्स माझ्याकडे यायला लागल्या. कुणाची शिवण सुटलेली, कुणाचं पॅड एका बाजूला सरकलेलं, कुणाचा पायाचा रबर मांडीला करकचून लागणारा. त्यामुळे नावाजलेल्या कंपन्यांच्या महाग शॉर्ट्स, साध्या कंपन्यांच्या स्वस्त शॉर्ट्स आणि बाजारात ज्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात तो माल, हे तिन्ही मी आतून उसवून पाहिलं आहे. येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “ताई, बाराशेला मिळतेय. दिसायला सेम टू सेम आहे. घेऊ का?”

मी सांगते, बाराशेची जरूर घे, पण जिच्यावर दुसऱ्याचं नाव आहे ती घेऊ नकोस. स्वस्त आणि नकली या दोन गोष्टी लोक एकाच पिशवीत टाकतात. स्वस्त कपडा बनवणारा स्वतःच्या नावाने विकतो. माल खराब निघाला तर त्याचंच नाव जातं, म्हणून हजार रुपयांत जेवढं बसवता येईल तेवढं तो बसवतो. नकली बनवणाऱ्याला ती काळजी नसते. त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या नावावर विश्वास ठेवून आलेलं असतं आणि ते परत येईल अशी त्याची अपेक्षाही नसते.

आता पॅडकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. खुर्चीत ताठ बसून बुडाखाली दोन्ही तळहात ठेवले तर दोन टणक उंचवटे हाताला लागतात. ती आपली बसायची हाडं. सायकलच्या अरुंद सीटवर शरीराचा भार या दोन हाडांवर यायला हवा. त्यांच्या मधल्या मऊ भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तिथे दाब पडला की मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. चांगल्या पॅडचं काम म्हणजे हाडांखाली टिकाव धरणं आणि मधल्या भागावरचा दाब कमी करणं. म्हणून ते सगळीकडे सारखं जाड नसतं. हाडांखाली घट्ट फोम, मध्ये खोलगट पन्हळ, कडेला पातळ होत जाणारा काठ, अशी त्याची रचना असते.

फोमचा घट्टपणा कसा मोजतात ते गादी विकत घेतलेल्या कुणालाही ठाऊक असतं. दुकानदार “बत्तीस डेन्सिटी”, “चाळीस डेन्सिटी” म्हणतो, तो आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. सायकलच्या बऱ्या पॅडमध्ये हाडांखालचा फोम साधारण ८० किलोपासून सुरू होतो. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या पॅडमध्ये १२० किलोचा आणि त्याहून घट्ट फोमही वापरतात. इतका घट्ट फोम पातळ असला तरी तासन् तास दबून चपटा होत नाही. मी उसवलेल्या फर्स्ट कॉपींमधला फोम जवळजवळ नेहमी गादीच्या जातीचा निघाला. चिमटीत धरला की अंगठा आणि बोट एकमेकांना भेटतात. तो दिसायला मात्र जाडजूड असतो. हातात घेतल्यावर “वा, केवढं मऊ!” असं वाटावं म्हणून तो तसा घातलेला असतो. सीटवर बसल्यावर हाडांखालचा भाग तासाभरात सपाट होतो आणि मधला, जिथे दाब नको असतो तिथला भाग फुगून वर येतो. म्हणजे उलटंच काम होतं. दुकानात मऊ लागणारं पॅड चांगलं, ही समजूत पहिल्यांदा काढून टाका. पॅडवर अंगठा जोरात दाबा. तळाशी अडकल्यासारखं काहीतरी लागलं पाहिजे आणि अंगठा काढल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे.

नक्कल करणाऱ्याला पॅडची नक्कल का जमत नाही, असं लोक विचारतात. जमेल, पण परवडणार नाही. चांगली पॅड बहुतेक कपडा कंपन्या स्वतः बनवतच नाहीत. त्यांचे वेगळे कारखाने आहेत. इटलीतल्या ‘इलॅस्टिक इंटरफेस’चं पॅड अनेक नामांकित कंपन्यांच्या शॉर्ट्समध्ये असतं. वेगवेगळ्या घनतेचे फोम एकत्र करून, साच्यात दाबून, वर लवचीक कापड चढवून ते तयार होतं. शॉर्ट्समधला सर्वांत महाग सुटा भाग बहुतेक वेळा हाच असतो. नकली माल त्या किमतीत बसवायचा तर पहिली कात्री इथेच लागते. फोमवर ‘इलॅस्टिक इंटरफेस’ची खोटी छापसुद्धा मी पाहिली आहे. छाप मारायला खर्च येत नाही.

कापडाचं बोलू. युरोपातले सायकलपटू पूर्वी लोकरीच्या शॉर्ट्स घालत आणि आत शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याचं कमावलेलं कातडं शिवलेलं असे. धुतल्यावर ते ताठ होई, मलम चोळून पुन्हा मऊ करावं लागे. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ साली लवचीक पॉलियुरेथेन धागा तयार केला, तोच पुढे लायक्रा या नावाने गाजला. हा धागा मूळ लांबीच्या पाचपटीहून जास्त ताणला जातो आणि सोडला की जागेवर येतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इटली आणि स्वित्झर्लंडमधल्या कंपन्यांनी त्याच्या सायकल-शॉर्ट्स बनवल्या आणि लोकर मागे पडली.

लायक्रा म्हणून जे विकलं जातं त्यात हा धागा किती टक्के आहे, यावर सगळं अवलंबून. चांगल्या शॉर्ट्समध्ये त्याचं प्रमाण १८ ते २५ टक्के असतं, बाकी नायलॉन किंवा पॉलिएस्टर, आणि कापडाचं वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास. नकलीत बऱ्याचदा लेगिंगसाठी विणलेलं हलकं कापड असतं. नवीन असताना ते तेवढंच तकतकीत दिसतं. काही धुण्यांनंतर बुडाशी आणि गुडघ्याच्या वर ढिलं पडतं. ढिलं पडलं की पॅड अंगाला चिकटून राहत नाही, सरकतं, घासतं. आपण मिनिटाला ८५ वेळा पेडल फिरवतो असं धरलं तर तासाला ५,१०० वेळा मांडी वर-खाली होते. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड; त्यातली सर्वांत लहान २०० किलोमीटरची, तिला साडेतेरा तासांची मुदत. तेवढ्या वेळात एखादी सुरकुती कातडीवर किती वेळा फिरेल याचा हिशेब तुम्हीच करा.

हलक्या कापडाचा आणखी एक त्रास बायका पटकन ओळखतात आणि पुरुषांना कुणी सांगत नाही. पुढे वाकल्यावर पाठीमागे कापड ताणलं जातं आणि उन्हात आरपार दिसतं. म्हणून घेताना शॉर्ट्समध्ये हात घाला, बोटं पसरून कापड ताणा आणि खिडकीकडे धरा. बोटांचा रंग स्पष्ट दिसला तर ती परत ठेवा.

शिवणीत तर कारखान्याचं मन दिसतं. लायक्रासाठी मशीनला गोल टोकाची सुई लावतात. ती धाग्यांच्या मधून वाट काढते. घाईत कुणी नेहमीची टोकदार सुई लावली तर ती लवचीक धागाच तोडत जाते. नवीन कपड्यात ते कळत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांनी शिवणीच्या कडेने पांढरी, केसासारखी टोकं बाहेर आलेली दिसतात. कापडाइतकाच ताण घेणारा दोरा लागतो, नाहीतर चढावर सीटवरून उठताना टीप तटकन तुटते. दोन कापडं एकमेकांवर न चढवता शेजारी ठेवून सपाट शिवणं, ज्याला आम्ही फ्लॅटलॉक म्हणतो, त्याला वेगळं मशीन आणि बसलेला हात हवा. नकली शॉर्ट्समध्ये मांडीच्या आतल्या बाजूला साधं ओव्हरलॉक मारून वर फ्लॅटलॉकसारखी दिसणारी शोभेची टीप घातलेली मी पाहिली आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आतून बोट फिरवलं की उंच कड लागते.

एक गोष्ट तर ग्राहकाला कधीच कळत नाही. ताणलं जाणारं कापड तागा उलगडल्यावर लगेच कापायचं नसतं. गुंडाळीत ते ताणलेलं असतं, टेबलावर मोकळं पसरून साधारण एक दिवस तसंच ठेवायचं असतं, म्हणजे ते आपल्या मापावर येतं. ज्या कारखान्याला आजच माल काढायचा आहे, तो हा दिवस वाचवतो. मग एकाच साइजच्या दोन शॉर्ट्स दोन मापांच्या निघतात आणि पहिल्या धुण्यात आणखी आखडतात. “ताई, मागच्या वेळी मीडियमच घेतली होती, ती बसली, ही का बसत नाही?” याचं उत्तर बहुधा हेच.

पॅटर्न हाही आत लपलेला खर्च. सायकलची शॉर्ट उभ्या माणसासाठी कापत नाहीत, हँडलवर वाकलेल्या माणसासाठी कापतात. म्हणून चांगली बिब, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली शॉर्ट, घालून आरशासमोर उभं राहिलं की पट्टे पुढे ओढतात आणि पोटाशी चुण्या पडतात. सायकलवर बसलं की सगळं जागेवर जातं. ज्याने फोटो पाहून पॅटर्न काढला, त्याची शॉर्ट आरशात झकास बसते आणि सायकलवर कमरेतून खाली उतरते. कारखान्यात पॅटर्न मास्तर एका नव्या मापासाठी पुन्हा पुन्हा नमुने शिवून घेतो, माणसावर चढवतो, खडूने खुणा करतो, परत उसवतो. त्या कामाला फोटोत चेहरा नाही आणि नकलेत दाम नाही. मी त्या टेबलांच्या शेजारी काम केलं आहे, म्हणून मला याचं वाईट वाटतं. नकली माल घेताना आपण कुठल्यातरी श्रीमंत कंपनीला दोन रुपये कमी देतो असं लोकांना वाटतं. पण ज्या मास्तरने ते माप जमवलं, त्याच्या कौशल्याची किंमत शून्य आहे असं आपण त्या व्यवहारात मान्य करत असतो.

जर्सीचं मात्र तसं नाही, आणि इथे मी लोकांना मोकळं सोडते. जर्सीवर बसायचं नसतं. घाम लवकर सुकावा, पाठीमागे तीन खिसे असावेत आणि ते भरल्यावर लोंबू नयेत, चेन नीट चालावी, एवढंच तिचं काम. सुती टी-शर्ट मात्र नको. कापूस हवेतला ओलावाच आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घामात तर हा फरक फार वाढतो. कापसाचा बनियन भिजून अंगाला चिकटतो आणि कसाऱ्याच्या उतारावर वाऱ्यात थंडी भरते.

जर्सीची नक्कल इतकी सोपी का झाली, याचं कारण तिच्या छपाईत आहे. चित्र आधी कागदावर छापतात, मग तो कागद पॉलिएस्टरवर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसला मिनिटभर दाबतात. रंगाची वाफ होते आणि ती धाग्याच्या आत शिरते. याला सब्लिमेशन म्हणतात. गावोगावच्या टेनिस-बॉल क्रिकेट स्पर्धांच्या जर्सी, गणेश मंडळांचे टी-शर्ट याच पद्धतीने छापले जातात. ज्याच्याकडे हे मशीन आहे, तो टूर द फ्रान्समधल्या कुठल्याही संघाची जर्सी दुपारपर्यंत छापून देऊ शकतो. म्हणून माझं म्हणणं, दुसऱ्याच्या नावाची जर्सी घेण्यापेक्षा तुमच्या ग्रुपने मिळून आपली स्वतःची छापून घ्या. आपल्या गावाचं नाव, आपला डोंगर, आपले रंग. पैसे साधारण तेवढेच लागतात, शिवणारा ओळखीचा असतो आणि खिसा उसवला तर त्याच्याकडे परत नेता येतो. परदेशी संघाचा मनापासून चाहता असलात, तर अधिकृत परवान्याने बनवलेल्या चाहत्यांच्या जर्सी मिळतात. सेल लागेपर्यंत थांबा.

नाशिकमध्ये हा बाजार वाढताना मी पाहिला. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ही शर्यत. त्यानंतर सायकली घेणारे वाढले, रविवारचे ग्रुप मोठे झाले आणि त्यांच्या पाठोपाठ कपडे विकणारेही आले. तेव्हा बराच नकली माल परदेशी अ‍ॅपवरून मागवला जायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने जी ४३ अ‍ॅप बंद केली, त्यात अलीएक्स्प्रेस होतं. माल थांबला नाही, त्याने रस्ता बदलला. आता तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून आणि इन्स्टाग्रामवरच्या विक्रेत्यांकडून येतो. पैसे आधी, बिल नाही, परत घेणं नाही.

विक्रेता सांगतो, “ओरिजिनलच्याच कारखान्यातला माल आहे, फक्त एक्सपोर्ट सरप्लस.” एक्सपोर्ट सरप्लस ही खोटी गोष्ट नाही. कपड्यांच्या निर्यातीसाठी ओळखल्या जाणाऱ्या तिरुपूरमध्ये परदेशी ऑर्डरचे उरलेले टी-शर्ट खरोखर बाजारात येतात. पण उरलेला माल तुटक असतो: एका रंगाचे चार नग, तेही फक्त स्मॉल आणि डबल एक्सएल. ज्याच्याकडे प्रत्येक डिझाइन प्रत्येक मापात हवं तेवढं आहे, त्याच्याकडे सरप्लस नाही, उत्पादन आहे. ते कुणाचं, हे तो सांगत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे. दुसऱ्याचं चिन्ह खोटं लावणं आणि तसा माल विकणं हे त्यात गुन्हे आहेत. किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. स्वतःच्या वापरासाठी एक शॉर्ट घेणाऱ्या ग्राहकाच्या मागे कुणी लागत नाही. पण ग्रुपसाठी वीस नग मागवून मित्रांना वाटणाऱ्याने, त्यावर पन्नास-शंभर सुटत असतील तर, आपण विक्रेते झालो आहोत हे ध्यानात घ्यावं.

महागाच्या बाजूनेही मी बोलणार नाही. रॅफा, असोस, कॅस्टेली या परदेशी कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतल्या बिब भारतात येईपर्यंत वीस हजारांच्या पुढे जातात. त्या किमतीत कापड आणि शिवण उत्तम असते, पण त्यातच जाहिरात असते, संघांना दिलेला पैसा असतो, आयातशुल्क असतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आणि त्यापुढच्यावर १८ टक्के झाला. माझ्या हाताला फरक कळतो तो हजारापासून तीन-चार हजारांपर्यंत. त्या टप्प्यात प्रत्येक पाचशे रुपयांना पॅड सुधारतं. त्यापुढे फरक बारीक होत जातो, आणि जो दर महिन्याला हजार किलोमीटर चालवत नाही त्याला तो जाणवेल असं मला वाटत नाही. डेकॅथलॉन स्वतःच्या नावाच्या शॉर्ट्स साधारण हजारापासून विकतं, आणि देशातल्या लहान कंपन्याही आता ठीक माल बनवतात. दुकानात जाऊन अंगठा दाबता येतो, बिल मिळतं, माप चुकलं तर बदलता येतं. बाराशे रुपये खर्च करायचे असतील तर तिथे करा. त्या बाराशेतला नावाचा वाटा तिथे सर्वांत कमी असतो.

मुळात पॅडची गरज आहे का, हेही पाहा. दूध घालणारे, गिरणी कामगार, शाळेत जाणाऱ्या मुली यांनी आयुष्यभर पॅडशिवायच सायकल चालवली. त्यांची सीट रुंद, खाली स्प्रिंग, बसणं ताठ आणि अंतर थोडं. तुम्ही रोज पाच-सात किलोमीटर जात असाल तर साधी ट्रॅक पँट पुरे. सीट अरुंद झाली, हँडल खाली गेलं आणि राइड दीड-दोन तासांच्या पुढे गेली की पॅड लागतं. पॅडच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, हे नव्या माणसाला लाजेने कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. त्याची शिवण कातडी आणि पॅड यांच्यामध्ये अडकते आणि तिथेच फोड येतात. राइडवरून आल्यावर शॉर्ट लगेच काढा, चहा पीत त्याच कपड्यात बसू नका. धुताना गार पाणी, सौम्य साबण, कपडे मऊ करणारं द्रव्य अजिबात नाही, पिळायचं नाही आणि उलटी करून सावलीत वाळवायची. लायक्राचा शत्रू उष्णता. इस्त्री कधीच नाही.

बायकांसाठी आणखी थोडं. आपल्या बसायच्या हाडांमधलं अंतर पुरुषांपेक्षा सर्वसाधारणपणे जास्त असतं, म्हणून बायकांचं पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतं. नकली मालात ‘लेडीज’ असं लिहिलेल्या शॉर्ट्स उसवल्या की आत पुरुषांचंच पॅड निघतं, फक्त रंग गुलाबी. मधली पन्हळ भलत्या जागी येते. शहरातून अंगाला चिकटलेल्या शॉर्ट्समध्ये जायला संकोच वाटतो अशा खूप जणी आहेत. त्यांनी पॅडेड लायनर घ्यावा, आत घालायचा, वर सलवार किंवा ट्रॅक पँट. तो बाहेर दिसतच नाही, त्यामुळे त्यावर कुणाचं नाव आहे हा प्रश्नही उरत नाही आणि सगळा पैसा पॅडमध्ये जातो. वारीत माझ्यासोबत येणाऱ्या कितीतरी जणी अशाच येतात. बिबचं एक व्यवहाराचं सांगते: पट्टे खांद्यावर असल्यामुळे हायवेवर लघवीला थांबायचं म्हणजे जर्सीसकट सगळं काढावं लागतं. लांबच्या राइडला कमरेची शॉर्ट बरी.

तीन वस्तूंच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. हेल्मेट नकली घ्यायचंच नाही. आतल्या फोमने आपटण्याचा जोर पिऊन फुटायचं असतं, आणि तो कसा फुटतो हे तपासणीशिवाय कुणाला कळत नाही. ज्याने नाव खोटं लावलं, त्याने ईएन १०७८ हा मानकाचा आकडाही खोटाच छापलेला असणार. दुसरी वस्तू रात्रीचं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. त्याची चंदेरी पट्टी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते, म्हणून गाडीवाल्याला आपण लांबून दिसतो. नकलीत नुसता करडा चकचकीत कपडा असतो. परीक्षा सोपी: अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून दहा पावलांवरून पट्टीकडे बघा. ती दिव्यासारखी पेटलेली दिसली तर खरी. तिसरी वस्तू म्हणजे पाणी अडवून घाम बाहेर जाऊ देणाऱ्या ‘गोअर-टेक्स’ कापडाची खोटी छाप मारलेलं पावसाळी जॅकेट. इगतपुरीच्या पावसात असं नुसता प्लास्टिकचा थर दिलेलं जॅकेट बाहेरचं पाणी अडवतं, पण आतला घाम बाहेर जाऊ देत नाही, आणि माणूस आतूनच भिजतो. साधं, बिननावाचं, बगलेत जाळी असलेलं जॅकेट त्यापेक्षा चांगलं आणि स्वस्तही.

आणि ज्यांनी फर्स्ट कॉपी आधीच घेतली आहे, त्यांनी ती टाकून द्यावी असं मी म्हणत नाही. पॅड सुटं मिळतं, ते बदलता येतं. आधी जुनं पॅड कडेकडेने उसवायचं, टाके ओढायचे नाहीत, एकेक कापायचे. मग शॉर्ट घालून सायकलवर, हँडलवर नेहमीसारखं वाकून बसायचं आणि हाडं टेकतात तिथे दुसऱ्या कुणाकडून बाहेरून खडूची खूण करून घ्यायची. उभं राहून खूण केली तर पॅड पुढे लागतं. शिलाई घरच्या मशीनवर झिगझॅग टाक्याने होते, सुई गोल टोकाची घ्यायची, कापड किंचित ताणून धरायचं, पॅड अजिबात ताणायचं नाही. काम तासाभराचं आहे. मात्र मी पॅड हातात घ्यायच्या आधी शॉर्ट खिडकीकडे धरून बघते. कापड आरपार दिसत असेल तर पॅडचे पैसे वाया जातील असं सांगून ती तशीच परत देते.